आईची पिशवी रद्दीत कशी घालावी

आईवडिलांनी मागे फ्लॅट ठेवला तर काय करायचं, हे सांगायला वकील आहेत, एजंट आहेत, न बोलावता येणारे मामेभाऊ आहेत. पण त्यांनी बाग ठेवली असेल तर? म्हणजे सातबाऱ्यावरची नव्हे. कॉलनीची सार्वजनिक बाग, आणि ती वाचवायच्या खटपटीची, एक बंद तुटलेली कापडी पिशवी. आमच्याकडे ती आईच्या साड्यांच्या कपाटात निघाली. अशा दुर्दैवी वारसांसाठी हा अनुभवाचा सल्ला.

पहिलं म्हणजे पिशवी उघडू नका. उघडलीत तर आवक शिक्का मारलेल्या पोचा निघतील. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या एका निकालाची पिवळी पडलेली झेरॉक्स निघेल. बंगळूरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि ती बागेसाठीच राहिली. असलं काही वाचलं की रहिवाशांनाही काही करता येतं असं वाटायला लागतं. तब्येतीला बरं नाही ते.

पेपर येत असेल तर जाहीर सूचनांचं पान न वाचता फळीवर अंथरा. महाराष्ट्राच्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली शहराच्या विकास आराखड्यातलं बागेचं आरक्षण बदलायचं घाटलं तर हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. ती सूचना 'नावात बदल' आणि 'शेअर सर्टिफिकेट गहाळ' यांच्या मधे मुंगीएवढ्या अक्षरांत येते. कुणी वाचू नये म्हणून एवढे कष्ट घेतलेत, त्यांचा मान राखा. आमची आई भिंग लावून बसायची. आम्हाला वाटायचं, शब्दकोडं सोडवतेय.

बागेला लागून एखादा मोकळा तुकडा असेल, नकाशावर हिरवा आणि प्रत्यक्षात अजून मालकाचाच, तर तुमचं भाग्य थोर. इथे कुणालाच काही करावं लागत नाही. आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली, जागा ताब्यात आली नाही, की त्याच अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यापुढे 24 महिने संपादनाच्या दिशेनं कागद हलला नाही, की आरक्षण संपलं! कागद न हलवण्यात आपली कार्यालयं किती तरबेज आहेत, ते काय सांगायचं. तुम्ही फक्त मधे पडू नका. आई दर सहा महिन्यांनी जाऊन 'संपादनाचं कुठवर आलं' विचारायची, तेव्हा खिडकीतले साहेब जेवायला जायचे. सकाळी अकरालाही.

सुशोभीकरणाला तर मुळीच विरोध करू नका. मातीनं मुलांचे पाय मळतात, म्हणून पेव्हर ब्लॉक. खोडांना थेट गळ्यापर्यंत सिमेंट. (हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा म्हटलं होतं. पण ती दिल्लीची झाडं, त्यांचे लाड वेगळे.) मग ओपन जिम, बंद कारंजं, सेल्फी पॉइंट, आणि कोपऱ्यात 'फक्त एक छोटीशी खोली'. खोलीला पुढे शटर येतं, शटरला भाडेकरू. हे सगळं कुणाच्या विशेष प्रयत्नांतून झालं, ते सांगणारा फलक बागेतल्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त सावली देतो. फुकट सावली मिळते तर घ्यावी.

झाडांच्या बाबतीत एकच पथ्य: त्यांचं वय विचारू नका. महाराष्ट्राच्या झाडं जपण्याच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षांचं झाड 'हेरिटेज' ठरतं आणि तोडणाऱ्याची पंचाईत होते. त्यामुळे वडाला पस्तिशीतच थांबवा. सिनेमातल्या लोकांना जमतं, वडाला का जमू नये? खोडावर तोडणीची नोटीस दिसली तर हरकतीला 7 दिवस असतात. आठ दिवस गावी जाऊन या.

राहता राहिले शेजारी. ते जिन्यात गाठून म्हणतील, "तुमच्या आई होत्या म्हणून बाग राहिली हो. आता तुम्हीच बघा." सहीचा कागद पुढे केलात तर त्यांच्या दुधाला उकळी येते. तुम्हीही गॅसवर काहीतरी ठेवत चला.

हे सगळं पाळून मी मागच्या रविवारी रद्दीवाल्याला बोलावलं. पिशवी काट्यावर चढली, साडेतीन किलो. तेवढ्यात तळातून आईची डायरी घसरली आणि नेमक्या पानावर उघडी पडली. त्यावर पुढच्या महिन्यातली एक तारीख, पुढे '127, 10 वर्षं पूर्ण', आणि त्याखाली: 'विचारणे'. तारखेभोवती लाल पेनानं गोल. पुढच्या वर्षांची कामं ती अशी आधीच लिहून ठेवायची, लोणच्याच्या कैऱ्यांसकट.

वर दिलेल्या सल्ल्याप्रमाणे मी ते पान वाचायला नको होतं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तो आपल्या भागात कुठे मिळतो, कुणी सांगेल का? आईला माहीत होतं.