दार लागत नाही? बिजागरीला दोष देऊ नका

आज सकाळी ओळखीतल्या एका पोराने फोटो पाठवला. लालभडक एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. रंग आरशासारखा, तारांच्या आऱ्यांची चाकं चकाचक. खाली एकच ओळ: "काका, सगळं झालं, फक्त ड्रायव्हरचं दार नीट लागत नाहीये. बिजागरी बदलू का?"

फोटो मोठा करून बघितला. दाराच्या मागच्या कडेला खाली करंगळी जाईल एवढी फट, आणि वर पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. बिजागरी काय करणार बिचारी! गाडीच मधोमध खचलीये.

तेव्हापासून डोकं फिरलंय. कारण या पोराने जे केलं तेच सगळे करतात. आधी रंग, मग क्रोम, मग सीटकव्हरं. गाडीचा कणा कुजलाय की शाबूत आहे, हे बघायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आधीच्या एमजीए मॉडेलला खाली वेगळी चासिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, होती. १९६२ साली एमजीबी आली ती चासिसशिवाय. पत्र्याची बॉडी हीच तिची चासिस. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवायला उरतं काय? गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा आणि दोन्ही दारांखालच्या सिल, म्हणजे उंबरठे. ही सिल म्हणजे बाहेरून दिसते ती एक पट्टी नव्हे. आतला पत्रा, मधला उभा पडदा, बाहेरचा पत्रा आणि खालून त्यांना बांधणारी पट्टी, असा तो पेटीसारखा कप्पा आहे. पुढचं चाक चिखल उडवतं, तो फेंडरच्या आत मागच्या कोपऱ्यात साचतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि कप्पा आतून कुजायला लागतो. बाहेर फोड दिसतो तोवर मधल्या पडद्याचा भुगा झालेला असतो.

आणि लोक काय करतात? कुजलेल्या सिलवरच नवा बाहेरचा पत्रा चढवतात, वर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरतात, घासतात, रंग मारतात. जखम न धुता वरून पट्टी. त्याला म्हणे रिस्टोरेशन!

तपासणीला महागडं काही लागत नाही. लोहचुंबक फिरवा, लांबीवर तो धरत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. मग दार किंचित उघडं ठेवून एका बाजूने गाडी हळूहळू जॅकवर घ्या आणि फटीकडे बघत राहा. फट बदलत गेली तर सिल गेली. जॅकच पत्र्यात घुसला तर उत्तर आणखी लवकर मिळालं. गाडीखाली मात्र अशा वेळी कुणीही नको.

मान्य, वेल्डिंग सगळ्यांना येत नाही, आणि ते बाहेरून करून घेण्यात काही कमीपणा नाही. पण क्रम तरी माहीत हवा ना!

क्रम असा. गाडी स्टँडवर घेताना पुढे सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागे अॅक्सलखाली आधार द्या, म्हणजे वजन चाकांवर असल्यासारखंच राहतं. दारं जागेवर बसवा, पुढची, मागची आणि खालची फट ४ ते ५ मिमी मिळेपर्यंत आधार वर-खाली करा. मग साधारण २५ मिमीच्या चौकोनी पाइपने दाराची चौकट आतून बांधा, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, आणि एक तिरपा. पाइप असा बसवा की दार लावता आलं पाहिजे. इथेच बहुतेक जण चुकतात: पाइप थेट दाराच्या वाटेत लावतात, मग कापाकापी संपेपर्यंत दार बसवून बघताच येत नाही.

एका वेळी एकच बाजू कापा. नवा आतला पत्रा, पडदा, खालची पट्टी. बाहेरचा पत्रा फक्त क्लॅम्पने धरा, दार टांगा, फट बघा. फट पटली तरच वेल्डिंग. एवढ्या पातळ पत्र्याला मिग (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग) मशीनमध्ये ०.६ मिमी तार बरी. जोडाच्या वरच्या पत्र्यात ५-६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरायची. लांब शिवण एका दमात ओढली की पत्रा वाकतो. आधी एक टाका इथे, एक तिकडे, मध्ये हात लागेल इतकं थंड होऊ द्यायचं. कंटाळवाणं आहे, पण दार लागतं.

सुरुवात करण्याआधी पेट्रोलची टाकी बाहेर, बॅटरी आणि आल्टरनेटरच्या तारा सुट्या. पत्रा पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मुळीच नको. त्याच्या वाफेला वेल्डिंगची धग लागली की फॉस्जीन होतो, आणि तो विषारी वायू आहे. इथे मी थट्टेच्या मूडमध्ये नाही.

हे लिहीत असताना त्याचा दुसरा फोटो आला. फळीवर काचेच्या बरण्या, प्रत्येकीत बोल्ट, प्रत्येकीवर चिठ्ठी: 'पुढचं डावं सस्पेन्शन, वरचे दोन, वॉशरसह'. हार्नेसच्या, म्हणजे वायरिंगच्या जुडग्याच्या, एकेका तारेला कागदी पट्टी. जरा वरमलोच. एवढी चिकाटी असलेला माणूस आळशी नाही. त्याला क्रम कुणी सांगितला नाही, एवढंच.

त्याच फोटोत इंजिन बसवलेलं दिसतंय, म्हणून हेही आत्ताच सांगून टाकतो. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी सगळ्यात आधी लावायची. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. पट्टी राहिली तर स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट शोधत चोकच्या केबलमधून जातो आणि केबल लालबुंद होऊन धुरावते. लोक 'शॉर्ट सर्किट' म्हणत अख्खा हार्नेस उसकटतात, आणि राहिलेली असते हातभर पट्टी.

इंजिन नव्याने बांधलं असेल तर ऑइल पंपात पेट्रोलियम जेली भरा, नाहीतर कोरडा पंप तेल ओढत नाही. प्लग काढून स्टार्टर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलल्यावरच प्लग बसवा. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवी असेल तर पहिल्या स्टार्टला आयडलवर सोडू नका. पहिली २० मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास, कारण कॅमला तेल मिळतं ते उडणाऱ्या शिंतोड्यांतून. म्हणून टायमिंग आणि कार्बोरेटर आधीच जुळवून ठेवायचे. तिथे खुडबुड करत बसलात तर कॅम खरवडून निघते.

आणि रंग? रंग शेवटी. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, गरज असेल तिथेच लांबी आणि तीही ३ मिमीपेक्षा जाड नाही. लांबी स्पंजासारखी ओल शोषते, उघड्या पत्र्यावर भरली की खाली गंज सुखाने नांदतो. जोडांना सीलर, आणि रंगानंतर सिलच्या पोकळीत मेण. आधी मेण मारून मग वेल्डिंग केलंत तर ते पेटतं. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा मास्क पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे एक काम घरी करूच नका. घरी करण्याचा माझा कितीही हट्ट असला तरी इथे मी माघार घेतो.

मघाशी फोन केला त्याला. बिजागरीला हात लावू नकोस म्हटलं, सिल ठोकून आवाज ऐकव. त्याने फोन खाली धरून ठोकलं. भद्द. मागच्या टोकाला तर फुटक्या मडक्यासारखा आवाज.

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे रंग जाणार?"

जाणार रे, म्हटलं. फेंडरचा खालचा भाग, सिल आणि मागे चार बोटं. ग्राइंडर लावायच्या आधी दाराची फट तीन ठिकाणी मोजून ठेव, आणि पाइप कापायच्या आधी मला फोटो पाठव.