पंधरा रेघांचं नाणं

परवा धनत्रयोदशीला मला भीक मिळाली.

तालुक्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात टॉवेल अंथरून मी दहाची नाणी मोजत बसलो होतो. एका मोठ्या पक्षाचा उमेदवार आपल्या चौघांना घेऊन अर्ज भरायला आत निघाला. त्या चौघांतल्या गॉगलवाल्याने चालता चालता माझ्या टॉवेलवर दहाची नोट टाकली. चेहरा ओळखीचा वाटला, बहुतेक माझ्याच हाताखाली शिकून गेलेला. निदान ‘सर’ म्हणून तरी टाकायची! नोट मी परत केली नाही, हेही सांगून टाकतो.

भानगड मेहुण्याची. तो अपक्ष उभा राहिला. मान्यताप्राप्त पक्षवाल्याला अर्जावर सही करणारा एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. त्या दहांत मी. विधानसभेची अनामत दहा हजार. गावाने वर्गणी काढली आणि काढताना मोठी हुशारी केली. आमच्याकडे दहाचं नाणं ना किराणावाला घेतो, ना कंडक्टर. त्यामुळे घराघरांत डबे भरून पडलेली सगळी नाणी गावाने लोकशाहीला दान केली. मोजून एक हजार नाणी. मेहुणा आत प्रतिज्ञापत्राच्या रकान्यांशी झुंजत होता, म्हणून मोजणी माझ्याकडे.

तेवढ्यात धोतरवाले एक बाबा शेजारी येऊन टेकले. आले होते फेरफाराच्या कामाला, पण साहेब निवडणुकीच्या ड्यूटीवर.

“काय करायलाव गुरुजी?”

“डिपॉझिट मोजायलोय. मेहुणा उभा राहायलाय.”

“मंग त्यो उभा अन् तुम्ही बसलाव कामून?”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

बाबांनी न विचारता एक मूठ उचलली, एकेक नाणं डोळ्याजवळ नेलं आणि दोन ढीग घातले. “ह्ये धा रेघांचं, असली. ह्ये पंधरा रेघांचं, नकली.”

“बाबा, रिझर्व्ह बँकेने 2018 लाच सांगितलंय, चौदाच्या चौदा प्रकारची नाणी खरी आहेत.”

“रिजर्व ब्यांकवाला आमच्या बाजाराला येतो का?”

“नाही.”

“मंग?”

आणि पुन्हा रेघा. माझी मोजणी तीनदा चुकली, कारण मी शंभराचा ढीग लावला की ते त्यातली ‘नकली’ उपसून घ्यायचे.

“वापस मिळत्यात का ह्ये पैसे?”

“पडलेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं मिळाली तर.”

“म्हंजी किती?”

“पावणेदोन-दोन लाख मतं पडतात. तीस हजारांच्या वर धरा.”

“पाव्हण्याच्या गावात माणसं किती?”

“अडीच हजार. लेकरंबाळं धरून.”

बाबांनी हातातलं नाणं खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात म्हणाले, “बटईनं लावलेलं रान बी निम्मं तर देतंय हो गुरुजी.”

आता थोडं मास्तरकीने सांगतो. 1951 च्या कायद्यात विधानसभेची अनामत होती अडीचशे रुपये. 1996 साली बेळगावात लोकसभेला 456 उमेदवार उभे राहिले आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिचीत विधानसभेला 1033. तिथे मतपत्रिकेचं पुस्तकच झालं. सरकार घाबरलं. अनामत पाच हजार झाली आणि 2010 पासून दहा, लोकसभेला पंचवीस. म्हणे हौशे-नवशे गळावेत. गळतात ना! सोयाबीनचा हमीभाव 2024 साली क्विंटलला 4,892 होता. दोन क्विंटल घातले तरी 216 रुपये कमीच पडायचे, आणि हमीभाव बाजारात देतंय कोण? गॉगलवाल्याच्या साहेबांना दहा हजार म्हणजे दारात उडवलेल्या फटाक्यांचा खर्च. चाळणी लावली ती फक्त मोजून पैसे देणाऱ्यांना.

असो. अडीच वाजता टॉवेलचं गाठोडं घेऊन आत गेलो. तीनला दार बंद. क्लार्कने गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. “2011 चा नाणे कायदा. हजार रुपयांपर्यंतच नाणी घ्यायची सक्ती आहे आम्हाला. शंभर नाणी द्या, बाकी नोटा.”

“चेक?”

“चेक चालत नाही.”

चाळीस वर्षं मुलांना नियम सांगून छळलं, त्याची फेड ही अशी. धावत एटीएमवर गेलो आणि माझ्या पेन्शनमधले नऊ हजार काढले. घरून निघताना हिने पैठणीचा विषय काढला होता, तो तिथेच मिटला. तीनला सहा मिनिटं कमी असताना पावती फाटली. मेहुण्याच्या नावाने. शंभर नाणी मोजून घेताना क्लार्क म्हणाला, “पंधरा रेघांची नका देऊ हो, नंतर आमच्याकडनं कोणी घेत नाही.”

आता नऊशे नाणी माझ्या घरी आहेत. किराणावाल्याने घेतली नाहीत, वजन मात्र फुकट करून दिलं: सात किलोला थोडं कमी. मेहुण्याने 4 नोव्हेंबरपर्यंत अर्ज मागे घेतला तर अनामत परत मिळेल. पण सकाळी फोन केला तर तो म्हणाला, “दाजी, वातावरण चांगलंय.”

उद्या लक्ष्मीपूजन. एवढी रोकड घरात पहिल्यांदाच आहे, तर पाटावर मांडावी म्हणून डबा हिच्यापुढे सरकवला. हिने चष्मा लावला, एक मूठ घेतली, दिव्याजवळ नेली.

“ह्यातली पंधरा रेघांची आधी बाजूला काढा.”