पऱ्हाटीची राख आणि चिखलाची पँट

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. धुळ्याच्या चुलतभावाचा मुलगा अडीच वर्षांचा. त्याला मोबाईल दाखवूनच भरवतात, कारण वाटी त्याच्या हातात दिली की वरण फरशीवर आणि भात सोफ्यावर. काका म्हणाले, आमच्या वेळी एका धपाट्यात पोरं सरळ व्हायची. कुणीतरी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला टाकला, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. वहिनींनी एवढंच लिहिलं, ‘नवं घर आहे, कर्ज काढून घेतलंय. दिवसातून किती वेळा पुसू?’ मेसेज रात्रीपर्यंत येत राहिले, पण वहिनींना उत्तर कुणीच दिलं नाही.

मला तोच प्रश्न खरा वाटतो.

मी जर्मनीत, स्टुटगार्टला राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. हा भाग टापटिपीसाठी जर्मनीतही प्रसिद्ध. आमच्या इमारतीत जिना झाडण्यापुसण्याची आठवड्याची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. अशा गावात मुलीला ‘किटा’त, म्हणजे बालवाडीत घातलं, तेव्हा आणायच्या वस्तूंच्या यादीत रबरी बूट होते, कपड्यांचा जादा जोड होता आणि एक ‘माचहोज’ होती. शब्दशः अर्थ, चिखलाची पँट. पाणी आत न शिरणारी, खांद्यावर पट्टे असलेली. पाऊस असला तरी मुलं अंगणात जातात. तिथे जुनी पातेली आणि पळ्या ठेवलेलं चिखलाचं स्वयंपाकघर आहे. संध्याकाळी मी न्यायला गेलो की मुलगी आधी मला जेवायला वाढते. चिखलाची भाजी, वर पानं चुरून कोथिंबीर. ‘पप्पा, तिखट आहे हं, हळू खा.’ मी हळूच खातो.

पोरांच्या गोंगाटावरून इथेही शेजारी कोर्टात जायचे. २०११ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. बालवाडी आणि खेळाच्या मैदानावरचा मुलांचा आवाज हा साधारणपणे उपद्रव धरायचा नाही. इतक्या शिस्तीच्या देशाने हे कागदावर लिहून ठेवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तरीही मुलीचा सगळ्यात मळलेला, सगळ्यात सुखाचा दिवस मी इथे पाहिला नाही. तो पाहिला मागच्या डिसेंबरात, अमळनेर तालुक्यात, आमच्या शेतावर. भरिताचा बेत होता. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, पेटवून त्यात पांढरट हिरवी, लांबोडी वांगी टाकली होती. आई आणि काकू सालं काढत होत्या, कुणी कांद्याची पात चिरत होतं, कुणी मिरच्या-लसूण ठेचत होतं. मुलगी निवलेल्या राखेत बसली. आधी एक बोट घातलं. मग ते बोट नाकावर टेकवलं. मग दोन्ही हात कोपरापर्यंत. मी उठेपर्यंत ती धावत आजीकडे गेली आणि नव्या लुगड्यावर दहा बोटं उमटली. मी ओरडणार, तेवढ्यात आई म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, धुवाई जाई.’ आणि तिच्या काळ्या हातावर कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेवला.

आई असं म्हणू शकली, कारण तिथे पाच बायका होत्या. एक पुसेल, दुसरी न्हाऊ घालेल, तिसरी तोवर कडेवर घेईल. मी त्याच घरात वाढलो, पण या कामांत एकही पुरुष नव्हता हे मला परदेशात आल्यावर दिसलं. इथे आम्ही दोघंच. रात्री पोर तापली तर कुणाच्या हातात द्यावी, असं माणूस नाही. ती उणीव चिखलाच्या पँटने भरून निघत नाही.

पण एक गोष्ट इथल्या व्यवस्थेने मला दिली. मूल सांभाळायला घरी राहणाऱ्या आईवडिलांना मिळून १४ महिने पालक भत्ता मिळतो. त्यातले सात मी घेतले. त्या दिवसांत मुलीने वरणाची वाटी डोक्यावर उलटी केली, वरण कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आलं, तेव्हा तिने जीभ बाहेर काढून ते गाठायचा प्रयत्न केला. जीभ पोचली नाही. पुन्हा केला. मी फडकं हातात धरून बघत राहिलो. ऑफिसात असतो तर मला फक्त ओली फरशी सांगितली गेली असती.

आपल्याकडे २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या आईला २६ आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, आणि खाजगी नोकरीतल्या बापाला ती देण्याची कायद्याने सक्ती नाही. म्हणजे धपाटा की मोबाईल, या दोन्ही बाजूंनी भांडणारे आम्ही पुरुष त्या फरशीपासून लांबच असतो. धपाटा मला मान्य नाही. मोबाईलही नको. पण एकटीने दिवसभर पुसणाऱ्या बाईला हे सांगायचा अधिकार मला वाटत नाही. तिच्या घरातून ते पाच जणींचे हात गेले, त्यांच्या जागी कुणीच आलं नाही.

म्हणून ग्रुपवर न लिहिता भावाला फोन केला. रविवारी एक वेळ तू भरव. मोबाईल कपाटात, खाली जुनी चादर, वाटी पोराच्या हातात. सांडेल ते तूच उचल, वहिनींना हाक मारू नकोस. ‘बघू’ म्हणाला. या रविवारी मी पुन्हा फोन करणार आहे, त्याच्या जेवणाच्या वेळी.