ऑन्कोपोडिडी की सांडोकानिडी : तासगावच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. मलेशिया, बोर्निओ, सुमात्राच्या जंगलात पाल्यापाचोळ्याखाली राहणाऱ्या हार्वेस्टमनच्या, म्हणजे कोळ्यासारख्या दिसणाऱ्या आठ पायांच्या जिवांच्या, एका कुळावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की मी दिलेलं ‘ऑन्कोपोडिडी’ हे नाव कधीच मागे पडलंय, आता ‘सांडोकानिडी’ म्हणतात. शास्त्रज्ञच नावं फिरवत बसतात, तर वर्गीकरणाला अर्थ काय? आणि शेवटी हा कोळीच ना, त्याचं एवढं कौतुक कशाला?

नावाबद्दल तुमचं बरोबर आहे. जुन्या टिपणवहीतलं नाव मी न तपासता उतरवलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण वर्गीकरणाला अर्थ नाही हे मला अजिबात पटत नाही. १८७६ साली थोरेल या स्वीडिश अभ्यासकाने ऑन्कोपस या प्रजातीची नोंद केली, तिच्यावरून कुळाचं नाव पडलं. पुढे लक्षात आलं, की हे नाव त्याआधीच दुसऱ्या एका प्राण्याला दिलेलं आहे. प्राण्यांच्या दोन प्रजातींना एकच नाव नियमात बसत नाही. आधीचं राहतं, नंतरचं जातं, आणि त्यावर उभं असलेलं कुळाचं नावही जातं. म्हणून २००७ मध्ये ओझदिक्मेन आणि कुरी यांनी सांडोकानिडी हे नाव आणलं. सांडोकान म्हणजे इटालियन कादंबऱ्यांतला ‘मलेशियाचा वाघ’ म्हणवला जाणारा समुद्री चाचा. १९७६ च्या मालिकेत त्याची भूमिका आपल्या कबीर बेदींनी केली होती!

गुरुजी, एकत्रीकरणात आमच्या रानाचा सर्व्हे नंबर गेला आणि गट नंबर आला. सातबारा बदलला. विहीर होती तिथेच आहे, बांधावरची बाभळही तिथेच. ऑन्कोपोडिडीचं सांडोकानिडी झालं ते असं, कागदावर.

या प्राण्याचे भाऊबंद कोण, हा प्रश्न वेगळा, आणि वर्गीकरणाचं खरं काम तेच. या कुळाच्या पाठीवरचे जवळजवळ सगळे पट्टे जुळून एकच कडक ढाल झालेली असते, पाय आखूड. हे रूप इतकं निराळं, की १९६१ मध्ये शिल्हावी यांनी त्याला जवळच्या सगळ्या कुळांपासून तोडून स्वतंत्र विभागात बसवलं. पुढे डीएनए तपासता येऊ लागला. २००९ मध्ये शर्मा आणि गिरिबेट यांनी आठ रेणवीय खुणा (म्हणजे तुलनेसाठी निवडलेले डीएनएचे तुकडे) घेऊन या कुळाची वंशावळ मांडली. आज हे कुळ ग्रासाटोरेस या मोठ्या गटात, इतर कुळांच्या सोबत धरलं जातं. हा बदल पुरावा वाढला म्हणून झाला. तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण ओल्या मातीला धरून राहणारा हा जीव लांब जात नाही. कोणत्या बेटावरचा कोणाचा सख्खा हे कळलं, की ती जमीन पूर्वी कशी जोडलेली होती याचाही माग लागतो.

आता कोळ्याचं. गेल्या श्रावणात ठोसेघरला एक कुजका ओंडका उलटला, तर खाली साबुदाण्याएवढा एक हार्वेस्टमन अंग आक्रसून पडलेला. मिनिटभराने दुसऱ्या जोडीचे लांब पाय हलले आणि आंधळ्याने काठी फिरवावी तसे पुढची माती चाचपू लागले. भिंगातून पाहिलं तर कंबर नाहीच, सगळं धड एकसंध. डोळे दोनच, एकाच उंचवट्याच्या दोन बाजूंना. बोट लावलं तर उग्र औषधी वास आला, तो त्याच्या अंगावरच्या ग्रंथींचा. रेशीम नाही, त्यामुळे जाळं नाही, आणि विषही नाही. कोळी भक्ष्याचा रस करून पितो, हा बारीक तुकडे गिळतो. आठ पाय दोघांनाही आहेत, पण आठ पाय तर विंचवालाही असतात. सगळ्या हार्वेस्टमनच्या गणाचं शास्त्रीय नाव ओपिलिओनीस, लॅटिनमध्ये ओपिलिओ म्हणजे मेंढपाळ. माण-खटावच्या माणसाला ते नाव लगेच आपलं वाटेल.

तुमच्यामुळे लेख पुन्हा वाचला आणि आणखी एक चूक सापडली. वरचा फोटो याच ठोसेघरच्या प्राण्याचा आहे, सांडोकानिडीचा नाही, आणि मी त्याखाली काहीच लिहिलं नव्हतं. वाचणाऱ्याला तो बोर्निओचाच वाटला असता. आता फोटोखाली ‘ठोसेघर, जि. सातारा, वेगळं कुळ’ असं घातलं आहे.