‘सगळा अंदाजच की’ या कमेंटला उत्तर

साहेब, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं, मी ‘सुरुवातीच्या दीर्घिकांमधला वायू मोजला’ असं ठोकून दिलंय, दिसतो नुसता कार्बन मोनॉक्साइड आणि बाकी सगळा अंदाजच. निम्मं पटलं की ओ. हा वायू म्हणजे मुख्यतः हायड्रोजन, ज्यातनं तारे जन्मतात. त्याचा रेणू दोन्हीकडनं सारखा, थंड ढगात तो जवळजवळ गप्पच बसतो, मग कार्बन मोनॉक्साइडवरनं हिशोब काढावा लागतो. आपल्याकडं कारखान्यावर उसाचं वजन काट्यावर होतं पण साखर किती ते उताऱ्यावरनं, आणि उतारा जात, महिना, रान बघून बदलतो, तसंच हे. कार्बन मोनॉक्साइडच्या उजेडावरनं एकूण वायू काढायचा गुणक आपल्या आकाशगंगेला ४ च्या आसपास धरतात, धडाधड तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांना ०.८. पाचपट फरक!

पण ‘रेषा कुठली तेबी मनानंच ठरवत्यात’ हे चूक. समजा चिलीतल्या आल्मा दुर्बिणीला ९९ गिगाहर्ट्झवर एक रेषा (रेणूनं ठराविक वारंवारतेला टाकलेला उजेड) घावली. कार्बन मोनॉक्साइडच्या अशा बऱ्याच रेषा असतात. ती मुळात २३०.५ गिगाहर्ट्झची असेल तर रेडशिफ्ट (विश्व पसरल्यानं रेषा किती खाली सरकली त्याचं माप) १.३३, ३४५.८ ची असेल तर २.४९. एकट्या रेषेवरनं सांगताच येत नाही, बरोबर. म्हणून तीच जागा वरच्या बँडमध्ये (जास्त वारंवारतेच्या पट्ट्यात) परत बघायची, पहिल्या केसमध्ये दुसरी रेषा २४७ च्या जवळ यायला पाहिजे, दुसऱ्या केसमध्ये २३१ च्या. शिवाय हबल अल्ट्रा डीप फील्ड, म्हणजे हबल दुर्बिणीनं खूप वेळ निरखलेला आकाशाचा छोटा तुकडा, तिथल्या दीर्घिकांचे दृश्य प्रकाशातले वर्णपट आधीच हाताशी असतात, तेही जुळवून बघायचे.

आणि अ‍ॅस्पेक्स या आल्मानं त्याच तुकड्यावर केलेल्या सर्व्हेची खरी मजा तुमच्या कमेंटमध्ये आलीच नाही. आधी मोठी, चमकदार दीर्घिका निवडून तिच्याकडं बघायचं नाही, आकाशाचा तुकडा घ्यायचा आणि ८४ ते ११५ गिगाहर्ट्झ सगळं चाळायचं, जे घावंल ते. त्यातनं दिसलं की साधारण ९-१० अब्ज वर्षांपूर्वी विश्वात रेण्वीय वायू (रेणूंच्या रूपातला हायड्रोजन) भरपूर होता, आजपर्यंत तो सहापटीच्या आसपास घटला. आता तुम्ही म्हणाल पाचपट गुणकात सहापट कसली! म्हणून धुळीच्या उजेडावरनं वेगळा हिशोब केला, तो बराचसा जुळला. धूळपण धातूंच्या (खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियम सोडून सगळी मूलद्रव्यं) प्रमाणावर अवलंबून, त्यामुळं अगदी कोवळ्या दीर्घिकांबद्दल माझापण हात आखडताच.

तुम्ही न काढलेली खोट मीच सांगतो, तो तुकडा पौर्णिमेच्या चंद्राच्या शंभराव्या भागापेक्षा लहान आहे. मूळ लेखात ‘मोजला’ खोडून ‘हिशोब काढला’ केलंय, बघा.