बॅनरवर ‘बंद’ लिहू नका

तुमच्या भागातलं महापालिकेचं रुग्णालय बंद होतंय आणि तुम्हाला आंदोलन करायचंय? छान. पण उत्साहाच्या भरात बॅनरवर ‘बंद’ हा शब्द तेवढा छापू नका, फ्लेक्सचे पैसे वाया जातील. मुंबईत रुग्णालय बंद होत नसतं. ते ‘दुरुस्तीसाठी रिकामं’ होतं, ‘तात्पुरतं स्थलांतरित’ होतं, फारच झालं तर त्याचं ‘श्रेणीवर्धन प्रस्तावित’ असतं.

आमचं, पश्चिम उपनगरातलं, असंच वर्धन पावलं. आधी एक्स-रेवाल्याची बदली झाली. त्याच्या जागी माणूस आला तोवर मशीन बिघडलं होतं. (पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं. एवढ्या मोठ्या आकड्यात बारक्या वस्तू सापडत नाहीत.) मग भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येऊ लागले. बाळंतिणींना सांगितलं, मंगळवार-शुक्रवार बघून या. पोटातली बाळं अडाणी, त्यांना वार कळत नाहीत. मग रात्रीची कॅज्युअल्टी गेली. लोक येईनासे झाले, तसा फायलीवर शेरा पडला: ‘रुग्णसंख्येत लक्षणीय घट’. शेवटी स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि इमारत सी-१ निघाली, म्हणजे अतिधोकादायक. खोटं कशाला बोलू, ती होतीच. प्रसूतिकक्षाच्या भिंतीतला पिंपळ दोन पानांचा होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो. तेव्हा तो चिमटीत उपटला असता. कमरेएवढा झाल्यावर त्याच्यावर अहवाल आला.

तर मुद्दा असा, की विरोध करायला तुम्हाला आधी निर्णय लागेल, आणि तो कुणी घेतलेलाच नसतो. मग माहिती अधिकारात विचारा. कायदा २००५ चा आहे, फी दहा रुपये, आणि महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर बसवावा लागतो. ‘रुग्णालय बंद करण्याच्या आदेशाची प्रत मिळावी’ असं लिहा. शब्द शिल्लक उरले तर तब्येतीची चौकशी करा. तिसाव्या दिवसाच्या आसपास उत्तर येईल: ‘माहिती निरंक’. या शब्दावर चिडू नका. ते खरं बोलतायत. आदेशच नाही, तर प्रत कुठली देणार? हवं तर वीस रुपये भरून अपील करा. निरंक मोठ्या साहेबांच्या सहीनं येईल.

नगरसेवकाकडे जायचा सल्ला मी देत नाही. आमची धावपळ चालली होती तेव्हा मुंबईला नगरसेवकच नव्हते. ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली आणि निवडणूक उजाडली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. पण वॉर्डात सगळे माजी आणि सगळे भावी हजर होते, आणि आमच्या उपोषणात फोटोपुरते प्रत्येकी पाच मिनिटं बसलेही.

सह्या मात्र जरूर गोळा करा, व्यायाम होतो. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी अंगठा उठवला आणि बोट पदराला पुसत विचारलं, “ह्यानं डॉक्टर येतो का हो?” असल्या माणसांना समितीत घेऊ नका. नको ते प्रश्न काढतात.

आता कुणीतरी शिकलेला मुलगा उठेल आणि लंडनचं उदाहरण देईल. देऊ द्या. तिथल्या लुइशम भागातल्या रुग्णालयाचा तातडीचा आणि प्रसूतीचा विभाग कापायचं घाटत होतं. कारण काय, तर शेजारची दुसरीच संस्था कर्जात बुडाली होती. २०१३ च्या जानेवारीत हजारो माणसं रस्त्यावर आली, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी आरोग्यमंत्री हरले. अपील केलं, तेही हरले. का हरले? त्या भल्या माणसानं आपल्या अधिकाराबाहेरचा निर्णय चक्क संसदेत उभं राहून जाहीर केला होता! कोर्टाला रद्द करायला काहीतरी हातात मिळालं. आपल्याकडे शिपाईसुद्धा असा गाफील राहत नाही. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारनं कायदाच बदलून असे अधिकार वाढवून घेतले. आपल्याकडे कायद्याला हातही लावावा लागत नाही, एक्स-रेवाल्याची बदली पुरते.

तेव्हा रुग्णालय नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा आजारपणाला शिस्त लावा. छातीत दुखायचं तर दुपारी बारा ते तीन, हायवे मोकळा असताना. साप चावून घेऊ नका. विंचू चालेल, पण तोही मोठ्या रुग्णालयाच्या जवळपासचा बघा. जुना केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, कारण ‘तात्पुरतं’ संपल्यावर तोच चालेल, असं खिडकीवरच्या बाईंनी जाताना सांगितलंय.

आणि मोर्चा काढलाच, तर गेटपर्यंत काढा. पत्र्यामागे इमारत अजून उभी आहे. गेटवर वॉचमन बसतो, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पुढ्यात रजिस्टर घेऊन. दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा, रविवारीही असतो. चोवीस तास माणूस हजर असण्याची सोय त्या आवारात, रात्रीची कॅज्युअल्टी गेल्यानंतर, आता प्रथमच झाली आहे. मागच्या महिन्यात एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. पोर तापानं फणफणलं होतं. त्यानं तिला आदरानं थांबवलं, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, वेळ टाकली आणि विचारलं, “काम काय?”