आईची गारगोटी आणि संघातला कॅरम

गेले दोन महिने नाशिकहून फोन आला की एकच विषय. इंदिरानगरमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला हॉल मिळालाय, दुपारी चार ते सहा रिकामा असतो, आणि तिथे काय करायचं यावरून सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एका पार्टीला कॅरम, पत्ते, भजन आणि महिन्यातून एकदा शुगर-बीपीचा कॅम्प एवढं पुरे आहे. दुसरी पार्टी, म्हणजे आई आणि तिच्या दोन मैत्रिणी, त्या म्हणतात आठवड्यातला एक दिवस तरी काहीतरी शिकायला ठेवा. बाबा पहिल्या पार्टीत. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेला माणूस, उभं आयुष्य शिफ्टमध्ये गेलं, त्यांचं म्हणणं, "घड्याळाकडे बघत नोकरी केली, आता परत तास आणि हजेरी कशाला रे?"

बरं, बाबांचं अगदीच चूक आहे असंही नाही.

याला कारण मीच आहे म्हणा. मागच्या वर्षी आई तीन महिने आमच्याकडे आली होती, इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ. आम्ही दोघं ऑफिसला, मुलं शाळेत, बाहेर पाऊस, आणि आईची मालिका फोनवर बफर होतेय. आमच्या शेजारी एक बाई राहतात, ऐंशीच्या आसपास, एकट्याच. त्या एक दिवस म्हणाल्या, आमच्या यू-थ्री-एच्या जिऑलॉजी ग्रुपला चला पाहुण्या म्हणून. यू-थ्री-ए म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज. नाव युनिव्हर्सिटी, पण ना परीक्षा ना डिग्री ना प्राध्यापक. नोकरी नाहीतर पोरंबाळं यातून मोकळ्या झालेल्या लोकांनी थोडीशी वर्गणी भरायची आणि ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, कुणाच्या तरी हॉलमध्ये सोफ्यावर बसून. कुणी लॅटिन, कुणी पक्षी, कुणी युकुलेली. ब्रिटनभर असे हजारेक गट आहेत.

मूळ कल्पना फ्रान्सची, 1973 साली तुलूझ युनिव्हर्सिटीत सुरू झाली, पण तिथे रीतसर प्राध्यापक शिकवायचे. 1980च्या सुमारास इंग्रजांनी ती उचलली आणि प्राध्यापकच काढून टाकले. मला या सगळ्या भानगडीत सगळ्यात भारी हेच वाटतं, कारण त्यामुळे बाकावर बसलेला म्हाताराच उद्या फळ्याजवळ उभा असतो.

तर आई गेली. इंग्रजी जेमतेम, जुन्या अकरावीची मॅट्रिक. एका आजोबांनी टेबलावर पेटी उघडली, कापसात गुंडाळलेले दगड, त्यातला एक फिकट गुलाबी स्फटिकांचा आणि खाली पिवळी पडलेली चिठ्ठी: नासिक, इंडिया. स्टिल्बाइट नावाचं खनिज होतं ते. शेजारच्या बाईंनी सांगितलं की या तिथल्याच, मग काय, सगळे आईभोवतीच. डेक्कन ट्रॅप्स! तुम्ही डेक्कन ट्रॅप्सवर राहता! आईला वाटलं ट्रॅप म्हणजे सापळा, आपलं काहीतरी चुकलं. मग हळूहळू कळलं की सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपला काळा पत्थर झाला, त्यात वाफेची बुडबुड्यांसारखी पोकळी राहिली, नंतर त्या पोकळ्यांत पाणी झिरपून हे स्फटिक तयार झाले, आणि नाशिकच्या खाणींतून निघालेले नमुने जगभरच्या म्युझियममध्ये ठेवलेत. ज्या पांडवलेण्याच्या पायऱ्या आई दर श्रावणात चढते तो डोंगर त्याच दगडाचा. संध्याकाळी मी घरी आलो तर चहाही न विचारता म्हणाली, "अरे, आपण लहानपणी ज्याला गारगोटी म्हणून भिरकावत होतो ना..."

मी तिला एवढं बडबडताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता लोक म्हणतील, नाशिकला काय कमी आहे? खरंच कमी नाही. सार्वजनिक वाचनालय 1840चं. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला, फुकट, कुणीही या, भेळ खात ऐका. न्यायमूर्ती रानडे, ज्यांनी पुण्यात व्याख्यानमालेची ही प्रथा सुरू केली, ते तर आपल्या निफाडचे. 1989 साली सुरू झालेलं मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. इथे इंग्लंडमध्ये असं नदीकाठी शेकडो लोकांत बसून रात्री भाषण ऐकायचं सुख मला कधी मिळालेलं नाही, त्याची आठवण येते.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडे ज्येष्ठांना ऐकायला भरपूर मिळतं, बोलायला काहीच नाही. स्टेजवर वक्ता, खाली खुर्च्या, शेवटी आभार आणि चहा. आणि व्याख्यानाची वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे नेमकी पोळ्यांची. बाबा इतकी वर्षं व्याख्यानमालेला जातात, आई मोजून चार वेळा गेली असेल, त्यातही अर्ध्यातून उठून आली. याच्यावर संघात कुणी बोलत नाही. मुक्त विद्यापीठात प्रवेश घे म्हटलं तर परीक्षा आली, आणि सत्तरीत कुणाला हवेत मार्क? वर संघातले एक काका विचारतात, सर्टिफिकेट मिळणार का? नाही म्हटलं तर, मग काय उपयोग!

मुरबाडजवळ फांगणे गावात 2016 साली आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारी, पाठीवर दप्तर. फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले, आमच्या संघाच्या ग्रुपवर तर दरवर्षी महिला दिनाला येतात. कौतुक गावातल्या आज्यांचं करायचं आणि स्वतःच्या बायकोने दगडांबद्दल शिकायचं म्हटलं की हसायचं. आमचा सरकारी शब्दच बघा ना, विरंगुळा केंद्र. म्हणजे आता फक्त वेळ घालवायचा.

इकडचं सगळं सोनं आहे असं समजू नका. आईच्या त्या ग्रुपमध्ये ती सोडून एकही भारतीय नव्हती, आणि लेस्टरसारख्या भारतीयांनी भरलेल्या शहराजवळ हे जरा विचित्रच आहे. गुजराती आजी-आजोबा मंदिरात, हे ग्रुपवाले इथे. शिवाय शेजारच्या बाई आठवड्यात तीन ग्रुपला जातात याचं कारण जिज्ञासा आहेच, पण मुलगा ख्रिसमसला एकदा येतो हेही आहे. हे मी आईला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "तू दोन वर्षांनी येतोस." गप्प बसलो.

संघाच्या ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा एकाने उत्तर दिलं, परदेशात बसून सल्ले द्यायला काय जातं. बरोबर आहे. हॉलची किल्ली आणायला, खुर्च्या लावायला मी नाहीये. म्हणून मी बाबांशी वाद घालणं सोडलंय, कॅरमवाल्यांचे दिवसही काढून घेऊ नयेत असंच मला वाटतं, माणसाला नुसतं बसायचाही हक्क आहे.

शेवटी गुरुवार मिळाला, चार ते पाच, "ट्रायल म्हणून". पहिल्या गुरुवारी सात जण आले, त्यातले दोघं कॅरमचा बोर्ड शोधायला आले होते. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या एका काकांनी धरणाचा पाया खणताना कसले दगड लागतात ते सांगितलं, मध्येच अडकले तेव्हा आईने पुढचं सांगितलं, उभी राहून. आता सिन्नरच्या गारगोटी म्युझियमची ट्रिप ठरतेय. घरापासून तीसेक किलोमीटर, आणि आमच्यातलं कुणीही आजवर गेलेलं नाही. जाताना मिसळ कुठे खायची यावर मात्र बाबांनी स्वतःहून मत दिलंय, म्हणजे येणार बहुतेक.

दिवाळीत मी जातोय. आईची यादी आली, चॉकलेटं नकोत, दहापट मोठं दाखवणारी भिंगं आण, आठ.

मी म्हटलं, सात ना?

"आठ आण."